दशकंठाच्या दारी: आईचा पहिला पासपोर्ट आणि बँकॉक

बँकॉकला जायचं ठरलं ते रावणामुळे. २०२४ च्या दिवाळीत भाच्याने आईला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा देवळाच्या दारात हिरव्या तोंडाचा, दोन मजली उंचीचा राक्षस गदा टेकवून उभा होता. भाचा म्हणाला, "आजी, हा रावण. तिकडे देवळाची राखण करतो." आई दरवर्षी चातुर्मासात रामविजय वाचते. तिने चष्मा पुसला, व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला आणि म्हणाली, "राखण करतो? हे बघायला पाहिजे."

ती सहज बोलून गेली असेल. मी मनावर घेतलं. शाळा १६ जूनला सुरू होतेय, त्याआधी हे लिहून टाकते, कारण नोव्हेंबरपासून मला जे प्रश्न पडले ते पडलेल्या आणखी कुणाला याचा उपयोग होईल. आम्ही तालुक्याच्या गावात राहतो. मी शिक्षिका, आई सहासष्ट वर्षांची, सातवी शिकलेली. दोघींपैकी कुणी विमानात बसलेलं नव्हतं.

पहिली खेप टूर कंपनीकडे घातली. माणशी ७२,००० रुपये, त्यावर पाच टक्के जीएसटी, त्यावर तेव्हाचा पाच टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा आयकर. टीसीएस पुढे विवरणपत्र भरताना वळता होतो, पण आधी खिशातून जातो. शिवाय कार्यक्रमात दोन दिवस पट्टायाचा समुद्रकिनारा होता आणि राजवाडा, ज्याच्या आवारात ते व्हिडिओतलं देऊळ आहे, तो "बाहेरून दर्शन". आईला ज्याच्यासाठी न्यायचं तेच बाहेरून! तिथून उठले आणि ठरवलं, आपलं आपण जायचं.

व्हिसाची मला सगळ्यात धास्ती होती, आणि तोच प्रश्न निघाला नाही. आम्ही गेलो तेव्हा, मे २०२५ मध्ये, भारतीयांना थायलंडमध्ये फिरायला ६० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नव्हता; ही सवलत १५ जुलै २०२४ पासूनची. पासपोर्ट मात्र किमान सहा महिने शिल्लक असलेला हवा. माझा २०१७ मध्ये नुसत्या हौसेने काढलेला होता, एकही शिक्का नसलेला. आईचा काढायचा होता.

६ जानेवारीला ऑनलाइन अर्ज भरला. नवीन पासपोर्टची फी १,५०० रुपये, साठीच्या पुढच्यांना दहा टक्के सवलत, म्हणून १,३५० भरले. पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची तारीख २० जानेवारीची मिळाली. आईने इस्त्रीची साडी, पिशवीत पाण्याची बाटली आणि घरातले झाडून सगळे कागद घेतले. इथेच घोटाळा झाला. आधारवर आईचं नाव सुलोचना, पॅनवर सुलोचनाबाई, आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरच्या मास्तरांनी लिहिलेलं सुली. पॅन कुणी मागितलंही नव्हतं. मीच शहाणपणा करून पुढे केलं. खिडकीतल्या मुलाने ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "बाई कुठून आली?"

आई म्हणाली, "लग्नानंतर."

तो हसला, पण अर्ज अडकलाच. अर्जात एक प्रश्न असतो: याआधी दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखले जात होता का? मी "नाही" लिहिलं होतं. ते बदलून, दुसरी नावं नोंदवून, पुन्हा तारीख घेऊन २९ जानेवारीला परत गेलो. म्हणून सांगते, तो प्रश्न नीट वाचा, आणि यादीत जेवढे कागद मागितले आहेत तेवढेच पुढे करा. जादा कागद म्हणजे जादा प्रश्न.

जन्मतारखेला मात्र कुणी हरकत घेतली नाही. सगळीकडे १ जून १९५८. आमच्याकडे त्या पिढीत निम्मा गाव १ जूनला जन्मलेला आहे. शाळेत नाव घालताना मास्तर तीच तारीख लावत. आईचा खरा जन्म बलिप्रतिपदेचा, एवढंच तिला ठाऊक आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' अशी नोंद येते, आणि तशा पासपोर्टवर नोकरीसाठी जायला परवानगी लागणाऱ्या देशांच्या यादीत थायलंड आहे. फिरायला जाणाऱ्याला ती अट नाही, पण विमानतळावर वाद कोण घालणार? वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांना यातून सूट आहे. अर्जात तो पर्याय निवडायला विसरू नका.

पोलीस पडताळणीला दोन शेजारी साक्षीला लागले. शेजारच्या काकूंनी पोलिसांना चहा देऊन आईच्या सज्जनपणावर इतकं बोलून घेतलं की त्यांना निघता येईना. १८ फेब्रुवारीला पोस्टमन पासपोर्ट घेऊन आला. तो ज्याच्या नावाचा त्याच्याच हातात देतात. आई शेतावर गेली होती, म्हणून तो दुसऱ्या दिवशी परत आला.

आता माझी बाजू. आमच्यासारख्या शिक्षकांना परदेशात जायला आधी परवानगी घ्यावी लागते. अर्ज, मुख्याध्यापकांची शिफारस, रजेचा तपशील, खर्च कोण करणार याचं स्वयंघोषणापत्र, हे सगळं जोडून १० फेब्रुवारीला दिलं आणि आवक क्रमांक घेतला. तो क्रमांक वहीत लिहून ठेवा. "फाईल कुठाय?" या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, "अमुक क्रमांकाची फाईल कुठाय?" याला मिळतं. एकदा त्रुटी निघाली: प्रवासाच्या नेमक्या तारखा नाहीत. तारखा तिकिटाशिवाय कशा सांगायच्या आणि परवानगीशिवाय तिकीट कसं काढायचं? शेवटी ९ मार्चला तिकिटं काढून मोकळी झाले. मुंबईहून थेट, जाऊन-येऊन दोघींचे ४३,६०० रुपये. परवानगी हातात पडली २१ एप्रिलला. मधले सहा आठवडे मला नीट झोप नव्हती. तुम्ही असं करू नका असं म्हणणार होते, पण दुसरा मार्ग मलाही सापडला नाही. हॉटेल मात्र फुकट रद्द करता येईल असंच घेतलं होतं.

आणि तोही उपयोग होण्याची वेळ आली. २८ मार्चला म्यानमारमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि हजारभर किलोमीटर लांब बँकॉकमध्ये बांधकाम चालू असलेली एक उंच सरकारी इमारत कोसळली. दोन दिवसांनी गुढीपाडवा. श्रीखंड वाढता वाढता मामांनी विषय काढला. "तिकडे इमारती पडतायत आणि तुम्ही म्हातारीला घेऊन निघालात?" तिकीट रद्द केलं तर जेमतेम सहा हजार परत येणार होते. मी काही बोलले नाही. आईच म्हणाली, "किल्लारीच्या वेळी आपलंही घर हललं होतं की रे. कुठे गेलो आपण?" मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सीमेवर तणाव वाढला, उत्तरेकडचे विमानतळ बंद झाले, तेव्हा पुन्हा सगळ्यांचे फोन आले. त्या वेळी मी टीव्ही बंद ठेवला, एवढंच केलं.

हॉटेल कुठे घ्यावं यावर मी फार डोकं खपवलं. आता सांगते, एकच गोष्ट बघा: उन्नत रेल्वेचं स्टेशन चालत किती लांब. आम्ही फाया थाई स्टेशनापासून सात मिनिटांवर घेतलं, चार रात्रींचे १५,६०० रुपये. विमानतळावरून येणारी रेल्वे तिथेच संपते आणि शहरातली तिथूनच मिळते. सुवर्णभूमी विमानतळ ते फाया थाई भाडं ४५ बाट. आमच्या वेळी एक बाट म्हणजे साधारण दोन रुपये साठ-पासष्ट पैसे पडत होते. शहरात दुसराही विमानतळ आहे, डॉन मुआंग. तिकिटावर कुठला आहे ते पाहिल्याशिवाय हॉटेल ठरवू नका.

१ मे २०२५ पासून थायलंडने येणाऱ्या प्रत्येकाला डिजिटल आगमन पत्र सक्तीचं केलं आहे. टीडीएसी म्हणतात त्याला. पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, आणि ते पूर्णपणे मोफत आहे. गूगलवर शोधलं की पैसे मागणाऱ्या साइट वर येतात. थाई इमिग्रेशनची सरकारी साइटच घ्या. आम्ही २८ मेला सकाळी उतरणार, म्हणून २५ मेच्या रविवारी बसलो. व्यवसायाच्या रकान्यात आईने "शेती" लिहायला लावलं. राहण्याच्या पत्त्यात प्रांत, मग जिल्हा निवडायचा असतो. मी 'फाया थाई' शोधत राहिले आणि हॉटेलच्या पत्त्यात होतं 'रात्चथेवी'. दोनदा मोठ्याने वाचलं तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "राजदेवी म्हणत असतील." असेलही, म्हटलं. नंतर पाहिलं तर ते खरंच राजदेवी होतं. पाच मिनिटांत ईमेलवर क्यूआर कोड आला. दोन छापील प्रती काढल्या.

बॅगेत भडंग, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, दशम्या आणि छोटी विजेची किटली. खोबऱ्याची वाटी मी घरीच काढून ठेवली, विमानतळावर ती काढायला लावतात. लोणचं घ्यायचंच असेल तर ते काउंटरवर जमा करायच्या मोठ्या बॅगेत. पैशांचं म्हणाल तर थोडे डॉलर, थोडे बाट आणि एक फॉरेक्स कार्ड. तिथल्या एटीएममध्ये परदेशी कार्डाला आमच्या वेळी दर खेपेला २२० बाट कापत होते, तेव्हा काढायचे तर एकदाच. विमानतळाच्या तळमजल्याखाली, रेल्वेकडे जाताना पैसे बदलायची दुकानं आहेत, तिथला भाव वरच्या मजल्यांपेक्षा बराच बरा मिळाला.

२६ मेच्या रात्री ट्रॅव्हल्सने निघालो. त्याच दिवशी मुंबईत मॉन्सून दाखल झाला होता, १९५० पासूनच्या नोंदींतला सगळ्यात लवकर आलेला. गाडी तीन तास उशिरा पोहोचली. विमान २७ च्या रात्रीचं होतं म्हणून निभावलं. लांबून येणाऱ्यांनी एक दिवस हातचा ठेवावा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी तिकिटाबरोबरच व्हीलचेअर मागता येते, तिचे पैसे पडत नाहीत. मी मागितली होती. आईने ती पाहिली, तिच्यावर आमची पिशवी ठेवली आणि शेजारून चालत गेली. ढकलणारा मुलगा बिचारा पिशवी ढकलत होता.

मुंबईच्या इमिग्रेशनला अधिकाऱ्याने एवढंच विचारलं, "कितने दिन?" माझी ती अडीच महिन्यांची परवानगी फाईलमध्ये वरच ठेवलेली होती. कुणी मागितली नाही. परत आल्यावरही नाही.

बँकॉकला रांगेत पन्नास मिनिटं गेली. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि थोडे रोख पैसे हाताशी ठेवा, विचारू शकतात. आम्हाला विचारलं नाही. बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला, शिक्का मारला. थायलंडचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे असतं. आईने मनगटावरचं घड्याळ बदललं नाही. पाच दिवस ती "आपले किती वाजले" यावर जेवली.

पहिल्या दिवशी झोपलो आणि संध्याकाळी एरावन चौकातल्या चतुर्मुख ब्रह्मदेवाला गेलो. भर चौकात, वरून रेल्वे, चहूबाजूंनी मॉल आणि मध्ये धूप, झेंडूच्या माळा, नाचणाऱ्या बायका. आई म्हणाली, "आपल्याकडे याला कुणी पूजत नाही, म्हणून इथे येऊन बसला."

२९ मे, गुरुवार, हा खरा दिवस. उन्नत रेल्वेने सयामला गाडी बदलून सफान ताक्सिनला उतरलो. खालीच धक्का आहे. तिथे पर्यटकांच्या महागड्या बोटीची तिकिटं गळ्यात मारतात. आपण नारिंगी झेंड्याची बोट विचारायची, १६ बाट, ऑफिसला जाणाऱ्यांची. था चांग धक्क्याला उतरून राजवाड्याकडे चालू लागलो तोच इस्त्रीच्या शर्टातला एक गृहस्थ आडवा आला. "टुडे क्लोज्ड. स्पेशल प्रेयर." रिक्षातून दुसरी देवळं दाखवतो म्हणाला. हा बँकॉकचा जुना धंदा आहे, शेवटी रिक्षा दागिन्यांच्या दुकानात जाऊन थांबते. मला ठाऊक होतं, तरी क्षणभर पाय अडखळला. आईने त्याला मराठीत सांगितलं, "बंद असलं तर दार बघून परत येऊ," आणि चालायला लागली.

राजवाडा उघडाच होता. तिकीट ५०० बाट. खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. कितीतरी गोरी मंडळी दारात लुंग्या विकत घेत होती, आमची नऊवारी-सहावारी सरळ आत गेली.

आणि दारातच तो. हिरवा, दातांचा, मुकुटावर तोंडांची उतरंड. शेजारून एका दुसऱ्या गटाचा गाइड सांगत होता, "थोत्सकान, थोत्सकान." मी आईला म्हटलं, याचं नाव थोत्सकान. ती मान वर करून बघत होती. "थोत्स... दश. दशकंठ गं." मग खूप वेळ काही बोलली नाही. पदर सावरून तिने त्याला नमस्कार केला की नुसता पदर सावरला, हे मला कळलं नाही.

आतल्या ओवरीच्या भिंतींवर १७८ चित्रांत सगळं रामायण आहे. तिकडे त्याला रामाकिएन म्हणतात. राजवाडा १७८२ मध्ये पहिल्या रामाने, म्हणजे त्या नावाच्या राजाने, बांधायला घेतला. तेव्हाची ही कल्पना, चित्रं पुन्हा पुन्हा रंगवलेली. सुरुवात जनकाला सीता सापडते तिथून. आम्ही दोन तासांचा हिशेब केला होता. आई एकेका भिंतीपुढे उभी राहून मला सांगत होती, हा सुग्रीव, ही लंका, हा सेतू. मागे एक ऑस्ट्रेलियन जोडपं येऊन थांबलं. त्यांना वाटलं ही गाइड आहे.

सेतूपाशी अडचण झाली. हनुमान एका सोनेरी मासोळीच्या मागे लागलेला. मी फोनवर वाचून दाखवलं: सुवण्णमच्छा, रावणाची मुलगी, सेतूचे दगड पळवायला आली आणि मारुतीच्या प्रेमात पडली, त्यांना मुलगाही झाला. आई जी बिथरली! "मारुतीला? अगं, तो ब्रह्मचारी. मकरध्वज झाला तो घामाच्या थेंबातून." पुढच्या दहा चित्रांत ती हनुमानाकडे संशयाने बघत होती. त्याच तिकिटावर खोन नावाचं मुखवट्यांचं नृत्य बघता येतं, सोमवार ते शुक्रवार, सालाचालेर्मक्रुंग नाट्यगृहात. पुष्कळ लोकांना ते माहीतच नसतं. आम्ही गेलो. थंडगार नाट्यगृहात पांढऱ्या मुखवट्याचा हनुमान उड्या मारत आला तेव्हा आई माझ्या कानात म्हणाली, "हा बरा वाटतो."

शुक्रवारी वाट फोला ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध पाहिला आणि होडीने पलीकडे वाट अरुणला गेलो. अरुण हे नाव कुणी समजावून सांगावं लागलं नाही. उकाडा असा की दुपारी एक ते चार हॉटेलवर परत यावं. चारनंतर रोज पाऊस. छत्री न्या, रेनकोट नको, घामाने आतूनच भिजायला होतं.

खाण्याचं शाकाहारी माणसाने मनात धरूनच जावं. नुसतं "व्हेज" म्हणून चालत नाही, भाजीतही माशाचं पाणी, म्हणजे नाम प्ला, असतं. "जे" हा शब्द पाठ करा, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेला असतो. तिथे मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. शनिवारी पाक ख्लोंगच्या फुलबाजारात झेंडूचे ढीग पाहून पाहुरातला गेलो, तिथल्या गुरुद्वाराच्या आसपास पोळी-भाजी मिळाली. आईला सगळ्यात आवडला तो आंब्याबरोबरचा नारळाच्या दुधातला चिकट भात ("नारळीभात करायला गेले आणि मध्येच आंबा आठवला") आणि मँगोस्टीन. ते फोडल्यावर ती लगेच म्हणाली, "हे कोकमाच्या घरातलं." झाडं खरोखर एकाच कुळातली आहेत. सालीचा डाग मात्र पातळाला पडला तो अजून गेला नाही.

आपलं यूपीआय मला कुठेच वापरता आलं नाही, छोट्या दुकानांत रोखच लागली. तिथला खर्च दोघींचा मिळून १४,००० बाटांच्या आसपास झाला. पासपोर्ट, विमा, मुंबईपर्यंतची गाडी सगळं धरून एक लाख तीन हजार. अयोध्या, म्हणजे त्यांचं अयुथया, राहून गेलं.

१ जूनला परत निघालो. काउंटरवरच्या मुलीने आईचा पासपोर्ट उघडला, तारीख पाहिली, पुन्हा आईकडे पाहिलं आणि हात जोडून म्हणाली, "हॅपी बर्थडे, मदर." मी सांगायला तोंड उघडलं की अहो, तो कागदावरचा. आईने माझा हात दाबला. पाच दिवसांत शिकलेलं "खोप खुन खा", म्हणजे धन्यवाद, तिने हात जोडून म्हटलं. मुलीने तिला खिडकीची जागा दिली.

इमिग्रेशन ओलांडल्यावर समोर समुद्रमंथनाचं प्रचंड शिल्प आहे, वर विष्णू, वासुकीच्या एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला असुर. लोक फोटो काढायला दाटले होते. आई पिशवी माझ्याकडे देऊन असुरांच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

"तिकडे गर्दी आहे," म्हणाली. "काढ लवकर."